लहान मच्छीमार नौकेवरील बॅटरी : निवड, मांडणी व निगा

कोकणपट्टीतील कित्येक कुटुंबे पावसाळ्यात भातशेती आणि उरलेल्या महिन्यांत मासेमारी असा दुहेरी व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. अशा घरातील कर्त्या पुरुषास बैलाची निगा कशी राखावी, बियाणे कसे साठवावे, जाळे कसे तुणावे हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत त्याच्या नौकेवर एक नवे जनावर येऊन बसले आहे. ते खाते, दमते, आजारी पडते आणि वेळेवर लक्ष न दिल्यास मरतेही. मात्र मरेपर्यंत तोंडातून आवाज काढीत नाही. हे जनावर म्हणजे बॅटरी होय.

कृषी खात्यातील माणसाने नौकेवरील बॅटरीबद्दल का लिहावे, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी भाताची रोपवाटिका पाहण्यासाठी मी माझ्या कार्यक्षेत्रातील एका घरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. पडवीत खताच्या पोत्यांशेजारी नौकेची बॅटरी ठेवलेली होती. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीची माहिती असल्याने ही बॅटरी उपाशी पडली आहे हे मला दिसत होते. परंतु मी रोपांविषयी बोललो आणि निघून आलो. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यावर तीच बॅटरी नौकेवर चढली. धक्क्यावर शेजारच्या नौकेच्या बॅटरीची तार लावून इंजिन चालू झाले, म्हणून मालकाचे समाधान झाले. रात्री जाळे टाकून इंजिन बंद केल्यावर तासाभरात दिवे मंदावले, बिनतारी यंत्र मुके झाले आणि इंजिन पुन्हा सुरू होईना. चार माणसे रात्रभर अंधारात वाहत गेली. पहाटे हातातील विजेरीचा उजेड दुसऱ्या नौकेने पाहिला म्हणून माणसे परत आली; जाळे मात्र गेले. त्या दिवशी पडवीत दोन वाक्ये बोलावयास मला फारसा वेळ लागला नसता. ती दोन वाक्ये येथे सविस्तर लिहीत आहे.

नौकेवर विजेचे काम काय?

लहान नौकेवर आज विजेची कामे तीन प्रकारची असतात. पहिले काम इंजिन सुरू करण्याचे. दुसरे काम रात्रीच्या दिव्यांचे. डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा तर लागतोच. शिवाय १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मासेमारी चालू असताना वर तांबडा व खाली पांढरा, आणि ट्रॉल जाळे ओढणाऱ्या नौकेने वर हिरवा व खाली पांढरा दिवा दाखवावयाचा असतो. मोठी मालवाहू जहाजे लहान नौकेस ओळखतात ती मुख्यतः या दिव्यांवरून. तिसरे काम यंत्रांचे : जी.पी.एस., मासे व खोली दाखविणारे ध्वनियंत्र, तळातील पाणी उपसणारा पंप आणि व्ही.एच.एफ. बिनतारी यंत्र. संकटाची हाक या यंत्राच्या १६ व्या वाहिनीवर द्यावयाची असते. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांनी पाठ केलेला आहे. परंतु किनाऱ्यापासून दूर गेल्यावर भ्रमणध्वनी चालत नाही, तेव्हा बिनतारी यंत्र हाच आधार उरतो. बरीचशी यंत्रे बॅटरीचा दाब सुमारे ११ व्होल्टच्या खाली गेला की नीट चालत नाहीत. म्हणजे ज्या रात्री हाक मारण्याची गरज पडते, त्याच रात्री उपाशी बॅटरी घसा बसलेल्या माणसासारखी होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीस केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी केली आहे. या लेखातील हिशेब केवळ सुरक्षिततेच्या व कामाच्या दिव्यांचा आहे.

बॅटरीची रचना

शिसे व आम्लाची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २ व्होल्ट दाब देते. घरात शिशाच्या व शिशाच्या भस्माच्या प्लेटा एकाआड एक बसविलेल्या असून त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश प्लेटांवर जाऊन बसतो व आम्ल पातळ होते. बॅटरी भरली म्हणजे तो अंश पुन्हा आम्लात परततो. परंतु रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरील हा थर कठीण खड्यांसारखा होतो आणि नंतर कितीही वीज भरली तरी तो विरघळत नाही. पावसानंतर वेळीच न नांगरलेली जमीन जशी ढेकळे धरून बसते, तसाच हा प्रकार आहे. बहुतेक बॅटऱ्या वयाने नव्हे, तर अशा उपासमारीने मरतात.

शर्यतीचा बैल व नांगराचा बैल

बाजारात १२ व्होल्टच्या बॅटऱ्या वरून सारख्याच दिसतात, तथापि त्यांचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. हा फरक न जाणल्यामुळे सर्वांत अधिक नुकसान होते.

मोटारगाडीत वापरली जाणारी बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी बनविलेली असते. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते व लगेच इंजिनाकडून भरून घेते. हा शर्यतीचा बैल होय. त्यास रात्रभर दिव्यांच्या व यंत्रांच्या नांगरास जुंपल्यास पातळ प्लेटा लवकर झडतात आणि थोड्याच वेळा पूर्ण रिकामी झाल्यावर ही बॅटरी निकामी होते.

दुसरा वर्ग खोल वापराच्या बॅटरीचा. तिच्या प्लेटा जाड किंवा नळीच्या आकाराच्या असतात. ती एकदम मोठा प्रवाह देत नाही, पण तासन्‌तास संथपणे काम करते आणि नीट निगा राखल्यास निम्मी रिकामी होऊन पुन्हा भरण्याचे शेकडो फेरे सहन करते. हा नांगराचा बैल होय. दिवे व यंत्रे यांसाठी हीच बॅटरी घ्यावी.

घरगुती इन्व्हर्टरची उंच नळीची बॅटरी याच वर्गातील असली, तरी ती स्थिर जागेसाठी बनविलेली असते. ती जड व उंच असल्याने लाटांच्या हेलकाव्यात तिच्यातील आम्ल सांडते व ती कलंडण्याचा संभव असतो. घेणे भागच पडल्यास त्यांतील कमी उंचीची निवडावी.

बाजारातील प्रकार

१. पाणी घालावयाची बॅटरी : किंमत कमी, आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मापून प्रकृती तपासता येते. मात्र पाणी वेळेवर घालावे लागते, वायू बाहेर पडतो व हेलकाव्यात आम्ल सांडू शकते. नियमित देखभाल करणाऱ्यास ही उत्तम.

२. बंद बॅटरी : हिच्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले किंवा जेलीसारखे गोठविलेले असते. पाणी घालावे लागत नाही व सहसा आम्ल सांडत नाही. उघड्या होडीस ही अधिक सोयीची. परंतु जास्त दाबाने भरल्यास आतील पाणी उडून जाते व ते पुन्हा घालता येत नाही. म्हणून भरण्याच्या यंत्राचा दाब निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे आहे याची खात्री करावी.

३. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी : १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी सुमारे २५ ते ३० किलो भरते, तर तेवढ्याच क्षमतेची ही बॅटरी साधारण १२ किलो भरते. तिची जवळजवळ ८० टक्के वीज वापरता येते व फेरेही पुष्कळ मिळतात. किंमत मात्र जास्त असते, तसेच संरक्षक यंत्रणा व योग्य चार्जर अत्यावश्यक असतो. जुन्या इंजिनाच्या डायनामोस ती सरळ जोडल्यास डायनामो तापून जळण्याचा धोका असतो. जाणत्या कारागिराच्या सल्ल्यावाचून हा बदल करू नये.

खरेदी करताना बॅटरीवरील निर्मितीचा महिना पाहावा. दुकानात सहा महिन्यांहून अधिक काळ न भरता पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही आजारी असू शकते. सारख्याच क्षमतेच्या व प्रकाराच्या दोन बॅटऱ्यांपैकी बहुधा जड बॅटरीत शिसे अधिक असते, म्हणून ती हातात उचलून पाहावी. हमीपत्रात नौकेवरील वापर वगळलेला नाही ना, तेही वाचून घ्यावे.

क्षमतेचा हिशेब

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत सांगतात. १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह २० तास देणारी, असा बहुधा अर्थ असतो. याच बॅटरीतून २० अँपिअर घेतल्यास ती पुरे ५ तास टिकत नाही. घाईने उपसलेली विहीर जशी लवकर तळ दाखविते, तसे हे आहे.

नौकेची गरज काढण्यासाठी प्रत्येक उपकरणाचे वॅट व त्याचे तास यांचा गुणाकार करावा. रात्रीच्या १० तासांच्या फेरीचा नमुना पुढे दिला आहे.

मार्गदर्शक एल.ई.डी. दिवे ४, प्रत्येकी ४ वॅट, १० तास : १६० वॅट-तास
कामाचे एल.ई.डी. दिवे २, प्रत्येकी १० वॅट, ४ तास : ८० वॅट-तास
जी.पी.एस., ८ वॅट, १० तास : ८० वॅट-तास
बिनतारी यंत्र ऐकण्यासाठी, ६ वॅट, १० तास : ६० वॅट-तास
बिनतारी यंत्र बोलण्यासाठी, ६० वॅट, पाव तास : १५ वॅट-तास
ध्वनियंत्र, १२ वॅट, ५ तास : ६० वॅट-तास
पाणी उपसण्याचा पंप, ४८ वॅट, १ तास : ४८ वॅट-तास
एकूण : ५०३ वॅट-तास

यास १२ ने भागले असता सुमारे ४२ अँपिअर-तास होतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून याची दुप्पट, म्हणजे ८४. बॅटरी जुनी होते तशी तिची धारणशक्ती घटते, म्हणून आणखी पाचवा हिस्सा वाढविला की सुमारे १०० अँपिअर-तास होतात. अशा नौकेस खोल वापराची १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी पुरेल.

आता याच नौकेवर जुने तारेचे दिवे, म्हणजे १० वॅटचे चार व ६० वॅटचे दोन असते, तर एकूण खर्च ११४३ वॅट-तास, म्हणजे ९५ अँपिअर-तास झाला असता. हा खर्च सव्वादोन पटींहून अधिक आहे. यावरून दिसून येईल की, मोठी बॅटरी घेण्यापूर्वी दिवे बदलणे हेच स्वस्त पडते. मात्र मार्गदर्शक दिवे बदलताना त्यांचा रंग व प्रकाश दिसण्याचा कोन नियमाप्रमाणे आहे असेच दिवे घ्यावेत.

आपल्या नौकेचे आकडे वेगळे असतील. ते प्रत्येकाने वहीत लिहून स्वतः हिशेब करावा. शेजाऱ्याने घेतली म्हणून तेवढीच बॅटरी घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचे खत आपल्या मातीस घालण्यासारखे आहे.

दोन बॅटऱ्यांची व्यवस्था

ज्या नौकेचे इंजिन विजेने सुरू होते, तिच्यावर दोन बॅटऱ्या असाव्यात : एक केवळ इंजिनासाठी व दुसरी दिवे आणि यंत्रांसाठी. यंत्रांची बॅटरी रात्री उतरली तरी इंजिन सुरू होते, आणि इंजिन सुरू झाले म्हणजे दुसरी बॅटरीही भरू लागते. घरातील बियाण्याची कणगी व खाण्याची कणगी वेगळी ठेवतात, तेच तत्त्व येथे आहे. दोहोंच्या मध्ये निवड-खटका किंवा दाब पाहून आपोआप जोडणारा रिले बसवावा. निवड-खटका असल्यास इंजिन बंद केल्याबरोबर तो यंत्रांच्या बॅटरीकडे फिरविण्याची सवय सर्व खलाशांनी लावून घ्यावी.

इंजिन दोरीने सुरू होणाऱ्या होडीस एक बॅटरी चालेल. परंतु अशा होडीवर बिनतारी यंत्रासाठी हातातील वेगळा संच पूर्ण भरून ठेवणे हिताचे आहे.

समांतर जोडण्याच्या बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. म्हाताऱ्या बैलाशेजारी तरुण बैल जुंपल्यास दोघेही बिघडतात, तसेच नव्या व जुन्या बॅटरीचे होते.

नौकेवर बसविण्याची रीत

बॅटरी शक्य तितकी खाली, पण तळात साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी. आम्लाने न झिजणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाच्या पेटीत ती ठेवून पट्ट्याने नौकेस घट्ट बांधावी. नौका कितीही कलली तरी ती हलता कामा नये. बॅटरी भरली जात असताना हायड्रोजन वायू निघतो. हा वायू हवेत ४ टक्क्यांपर्यंत साचला तर ठिणगीने स्फोट होतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने पेटीस वरच्या बाजूस हवा जाण्याची वाट ठेवावी. इंधनाची टाकी व बॅटरी एकाच बंद जागेत ठेवू नयेत. समुद्राचे पाणी बॅटरीच्या आम्लात गेल्यास क्लोरिन हा विषारी वायू निर्माण होतो, हेही ध्यानात ठेवावे.

तारा तांब्याच्या, बारीक अनेक तंतूंच्या व शक्य असल्यास कल्हई केलेल्या असाव्यात. तारेची जाडी हा दुर्लक्षित विषय आहे. समजा, ६ मीटर दूर असलेल्या उपकरणास १० अँपिअर न्यावयाचे आहेत. जाण्यायेण्याची मिळून १२ मीटर तार झाली. ती २.५ चौरस मिलिमीटरची असल्यास वाटेतच सुमारे ०.८४ व्होल्ट नाहीसे होतात. ६ चौरस मिलिमीटरची असल्यास केवळ ०.३५ व्होल्ट जातात. फुटक्या पाटाने पाणी नेल्यावर शेवटच्या वाफ्यास जे मिळते, तेच बारीक तारेच्या टोकाच्या यंत्रास मिळते.

बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज बसवावा व प्रत्येक उपकरणास स्वतंत्र फ्यूज द्यावा. फ्यूज तारेच्या संरक्षणासाठी असतो. तो उडाल्यावर जागी तांब्याची जाड तार गुंडाळणे म्हणजे नौकेस आग लावण्याची तयारी करणे होय. पंपाचा आपोआप चालणारा खटका मात्र मुख्य खटक्याच्या आधी, स्वतंत्र फ्यूजमधून जोडावा, म्हणजे नौका बंदरात बंद असतानाही पाणी उपसले जाईल.

बॅटरी भरणे

काढलेली वीज जशीच्या तशी परत घालून भागत नाही. शिशाच्या बॅटरीत सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो. वरील नमुन्यातील ४२ अँपिअर-तास परत आणण्यास सुमारे ५० अँपिअर-तास घालावे लागतात. शिवाय शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. त्यामुळे तासभर इंजिन चालवून बॅटरी भरली असे समजणे चूक आहे. नौकेच्या पाठीस लावावयाच्या लहान इंजिनांपैकी काहींत भरण्याची सोयच नसते आणि काहींत ती अगदी अल्प असते. आपल्या इंजिनाची शक्ती त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी.

इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ हून कमी दिसल्यास पट्टा, जोड किंवा डायनामो यांत दोष आहे. १४.८ हून अधिक दिसल्यास नियामक बिघडला असून बॅटरी उकळत आहे, असे समजावे.

सूर्यपट हा चांगला जोडीदार आहे. १०० वॅटच्या पटापासून, भर उन्हाचे ५ तास धरून व वाटेतील घट वजा करून, उघड्या हवामानात दिवसास सुमारे ३५० वॅट-तास मिळतात. वरील गरजेपैकी बराच भाग त्यातून भागतो व उरलेला इंजिनाने भरावा. पट व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असलाच पाहिजे. पटावरील मिठाचा थर गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा आणि जाळ्याची किंवा डोलकाठीची सावली त्यावर पडू देऊ नये.

नित्य तपासणी

यासाठी साधा मल्टिमीटर व पाणी घालावयाच्या बॅटरीस हायड्रोमीटर एवढी दोनच साधने लागतात. एका जाळ्याच्या दुरुस्तीपुढे त्यांची किंमत काहीच नाही. बॅटरी भरणे व वापरणे दोन्ही थांबवून काही तास, शक्यतो रात्रभर, गेल्यावर दाब मोजावा. त्याचा अर्थ साधारणपणे असा :

१२.७ व्होल्ट : पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : पाऊण
१२.२ व्होल्ट : निम्मी, ताबडतोब भरावी
१२.० व्होल्ट : पाव, नुकसान सुरू
११.८ व्होल्ट : रिकामी

लिथियम बॅटरीस हे आकडे लागू नाहीत.

हायड्रोमीटरने सहाही घरे तपासावीत. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटऱ्यांत सुमारे १.२४० व इतरांत १.२६५ च्या आसपास असते. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आकड्यापेक्षाही घराघरांतील फरक महत्त्वाचा आहे. पाच घरे सारखी व एक फारच खाली असेल, तर त्या बॅटरीवर भरवसा ठेवून दूर समुद्रात जाऊ नये. पाणी घातल्यावर लगेच माप घेऊ नये, कारण ते आम्लात मिसळलेले नसते.

दर आठवड्यास : टोके घट्ट आहेत का, पेटी कोरडी आहे का, पट्टा ताणलेला आहे का हे पाहावे.

दर पंधरवड्यास : पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा कधीही उघड्या पडू देऊ नयेत. बॅटरी भरून झाल्यावर खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा पावसाचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षार व लोह प्लेटांस मारक ठरतात. उणे भरण्यासाठी आम्ल तर कधीच घालू नये. उडते ते पाणी. आम्ल आतच राहते.

दर महिन्यास : टोकांवरील थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. त्यापूर्वी झाकणे घट्ट लावावीत. सोडा आत गेल्यास आम्ल निकामी होते. नंतर टोके गोड्या पाण्याने पुसून, कोरडी करून, घासून जोडावीत व वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. लेप आधी लावून जोड करू नये.

मासेमारी बंदीचा काळ

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका ओढून शाकारल्या जातात आणि घरातील सर्व हात भाताच्या लावणीत गुंततात. बॅटऱ्यांचा मृत्यू बहुधा याच काळात ओढवतो. न वापरतादेखील बॅटरी आतून हळूहळू उतरत असते आणि उष्णता दर १० अंशांनी वाढली की ही झीज साधारण दुप्पट होते. अर्धवट भरलेल्या स्थितीत नौकेवरून उतरविलेली बॅटरी दोन महिन्यांनी पूर्ण रिकामी व प्लेटांवर कठीण थर चढलेली आढळते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

मेअखेर : बॅटरी नौकेवरून उतरवावी, कारण नौकेवर राहिल्यास पंप किंवा यंत्रे तिला गुपचूप पीत राहतात. ती धुऊन कोरडी करावी, पाण्याची पातळी पाहावी व पूर्ण भरावी.

साठवण : सावलीत, कोरड्या व हवेशीर जागी फळीवर ठेवावी. चुलीजवळ, खताजवळ, इंधनाजवळ किंवा मुलांच्या हाताशी ठेवू नये.

१ जुलैच्या सुमारास : दाब मोजून पुन्हा पूर्ण भरावी. ज्या दिवशी रोपांस खताचा हप्ता देता, त्याच दिवशी बॅटरीसही द्यावा, म्हणजे विसर पडणार नाही. भरण्याचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १०० अँपिअर-तासास १० अँपिअर असावा.

जुलैअखेर : पुन्हा पूर्ण भरावी, रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी दाब मोजावा. १२.५ हून कमी असल्यास कारागिराकडून भार देऊन तपासून घ्यावी. त्यानंतरच ती नौकेवर चढवावी व धक्क्यावरच इंजिन बंद ठेवून सर्व दिवे आणि यंत्रे दोन तास चालवून पाहावी. समुद्रात जे घडावयाचे ते धक्क्यावर घडलेले बरे. दुसऱ्याच्या बॅटरीने इंजिन चालू झाले, ही आपल्या बॅटरीच्या प्रकृतीची ग्वाही नव्हे.

लिथियम बॅटरी मात्र पूर्ण भरून न ठेवता सुमारे निम्मी ते पाऊण भरून ठेवावी व भार पूर्ण तोडावा.

सावधगिरी

बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी व जोडताना ती शेवटी लावावी. पाना दोन्ही टोकांस एकदम टेकू देऊ नये. हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. भरणे चालू असताना जवळ विडी, काडी किंवा दिव्याची ज्योत नेऊ नये. आम्ल अंगावर उडाल्यास पुष्कळ गोड्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या गोड्या पाण्याखाली डोळा धरून लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा घालू नये. यासाठी बॅटरीवर काम करताना गोड्या पाण्याचा डबा नेहमी शेजारी असावा.

जुनी बॅटरी फोडून तिच्या शिशाच्या जाळ्यासाठी गोळ्या ओतण्याचा मोह काहींस होतो. तो कटाक्षाने टाळावा. वितळणाऱ्या शिशाची वाफ व धूळ घरातील लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते आणि सांडलेले आम्ल विहीर व खाडी दोन्ही नासविते. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उत्पादकांनी करावयाची आहे. जुनी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीत बहुधा तिचे मोलही वजा होऊन मिळते.

समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे : कामाप्रमाणे बॅटरी निवडावी, गरजेचा हिशेब लिहून काढावा, निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, रिकामी झालेली भरल्यावाचून एक रात्रही ठेवू नये, आणि बंदीच्या ६१ दिवसांत तिला तीन वेळा खाऊ घालावे. यात अवघड किंवा खर्चिक असे काही नाही. लागते ती केवळ गोठ्यातील जनावराकडे सकाळी एकदा नजर टाकण्याची सवय.

ज्या घरी त्या वर्षी मी न बोलता परत आलो, त्या घरी आता पडवीच्या भिंतीवर भाताच्या खतांच्या तारखांखाली बॅटरी भरण्याच्या तारखा खडूने लिहिलेल्या असतात. प्रत्येक मच्छीमार बंधूने आपल्या भिंतीवर अशा तीन तारखा लिहून ठेवाव्यात. शेतीच्या कामासाठी गावोगाव जाणाऱ्या आम्हा मंडळींनीही पडवीत बॅटरी दिसल्यास, रोपांची चौकशी करण्याआधी तिचीही चौकशी करावी, असे मला मनापासून वाटते.